मेघ संगणन आणि लघुउद्योग

संगणकाची गणनक्षमता, माहिती साठविण्याची जागा व आज्ञावली ही साधने स्वतः विकत न घेता दूरच्या केंद्रातून इंटरनेटमार्फत, लागतील तेव्हा व लागतील तेवढीच, भाड्याने वापरण्याच्या पद्धतीस मेघ संगणन म्हणतात. व्यवहारात ‘क्लाउड’ हाच शब्द रूढ आहे. संदेशवहनाच्या जाळ्याची आकृती काढताना जो भाग तपशिलाने दाखवावयाचा नसे, त्या जागी अभियंते ढगाची बाह्यरेषा काढीत. त्या खुणेवरून हे नाव पडले. या पद्धतीच्या जोडीने येणारी दुसरी व्यवस्था म्हणजे संगणकांची देखभाल, दुरुस्ती व सुरक्षा ही कामे बाहेरच्या तज्ज्ञांकडे कराराने सोपविणे ही होय. पदरी स्वतंत्र संगणक विभाग बाळगणे ज्यांना परवडत नाही, अशा लहान उद्योगांना या दोन्ही व्यवस्थांचा कितपत उपयोग होतो, याचा विचार प्रस्तुत नोंदीत मुख्यतः भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

भंडारा जिल्ह्यातील उद्योग : वैनगंगेच्या खोऱ्यातील हा जिल्हा धानाच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी हे सात तालुके त्यात राहिले. जवाहरनगरचा आयुधनिर्माण कारखाना, वरठीचा पोलाद कारखाना, तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगॅनिजच्या खाणी हे येथील मोठे उद्योग. त्यांचा संगणक व्यवहार त्यांच्या स्वतःच्या वा वरिष्ठ कार्यालयांच्या यंत्रणेतून चालतो व तो या नोंदीचा विषय नाही. जिल्ह्याच्या बाजारपेठांचा खरा भार धानगिरण्या, पितळी भांड्यांचे कारखाने, मोहाडी-आंधळगाव भागातील कोशाचे विणकाम, विडीचा धंदा, कृषी अवजारांची व औषधांची दुकाने अशा लहान घटकांवर आहे. केंद्र शासनाच्या १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक २·५ कोटी रु. व वार्षिक उलाढाल १० कोटी रु. यांच्या आत असल्यास तो सूक्ष्म उद्योग आणि गुंतवणूक २५ कोटी रु. व उलाढाल १०० कोटी रु. यांच्या आत असल्यास तो लघुउद्योग ठरतो. म्हणजे दोन कारागिरांचे पितळकामाचे दुकान व ट्रकांची रांग लागणारी गिरणी हे दोन्ही याच वर्गात मोडतात. परंतु त्यांच्या गरजा मात्र अगदी भिन्न आहेत.

धानगिरणीचे उदाहरण विशेष बोलके आहे. गिरणीत दोन प्रकारचे काम चालते. एक, स्वतः खरेदी केलेल्या धानाचा तांदूळ करून विकणे. आणि दुसरे, आधारभूत किंमतीने शासनासाठी खरेदी झालेल्या धानाची भरडाई करून देणे. भरडाईत दर १०० क्विंटल धानामागे ६७ क्विंटल साधा तांदूळ (उकडा असल्यास ६८ क्विंटल) शासनाच्या गोदामात पोहोचवावा लागतो. धान शासनाचे, यंत्र गिरणीमालकाचे आणि हिशेब दोघांचाही, असा हा व्यवहार असल्याने कोणत्या केंद्रावरून किती धान उचलले, किती तांदूळ कोणत्या दिवशी जमा केला, बारदाना किती आला व गेला, यांची नोंद पोत्यागणिक चोख असावी लागते. शिवाय कणी, कोंडा व तूस यांच्या विक्रीच्या नोंदी वेगळ्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर विवरणपत्रे संगणकावरूनच भरणे आवश्यक झाले. २०१८ मध्ये मालवाहतुकीसाठी ई-वे बिल आले. आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी रुपयांवर उलाढाल असणाऱ्यांना करपात्र मालाची व्यापाऱ्यांना द्यावयाची बिले शासनाच्या संगणक यंत्रणेत नोंदवून घेणे बंधनकारक झाले. १८ जुलै २०२२ पासून २५ किग्रॅ. पर्यंतच्या, आधीच भरून लेबल लावलेल्या तांदळाच्या पिशवीवर ५ टक्के कर लागू झाला. त्याहून मोठ्या पोत्यावर तो नव्हता. एकाच गिरणीतून निघालेल्या एकाच तांदळाची अशी दोन तऱ्हेची बिले करण्याची वेळ आली, तेव्हा कीर्द-खतावणीची जुनी वही अपुरी पडणे स्वाभाविक होते. गिरणीमालकाने संगणक घेतला तो आवडीने नव्हे, कायद्याच्या रेट्याने.

या रेट्यामुळे संगणक आला. पण त्याची निगा राखणारा माणूस आला नाही. बहुतेक लहान घटकांत हिशेबाचा संगणक मालकाच्या बैठकीजवळ असतो आणि माहितीची दुसरी प्रत, असलीच तर, त्याच टेबलाच्या खणातील लहानशा पेनड्राइव्हवर असते. ही व्यवस्था किती तकलादू आहे, हे वैनगंगेकाठी वेगळे सांगावयास नको. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मुसळधार पाऊस व मध्य प्रदेशातील संजय सरोवर धरणातून सोडलेले पाणी यांमुळे नदीला महापूर आला आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत व काठच्या अनेक गावांत पाणी शिरले. अशा प्रसंगी भिजलेले धान वाळविता येते, यंत्राची मोटार पुन्हा गुंडाळून घेता येते. परंतु येण्या-देण्याच्या नोंदी गेल्या तर उधारी कोणाकडे किती होती हे ठरविण्यास ऋणकोच्या प्रामाणिकपणाखेरीज आधार उरत नाही. कायद्याची अपेक्षाही येथे स्पष्ट आहे. वस्तू व सेवा कराच्या नियमांनुसार इलेक्ट्रॉनिक नोंदींची प्रत अशा रीतीने जपावी लागते, की अपघाताने वा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी मुदतीत माहिती पुन्हा उभी करता यावी. या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावयाच्या असतात. सहा वर्षे टिकणारी व पुराच्या पाण्याबाहेर असलेली प्रत, ही लहान उद्योगाला मेघ संगणनापासून मिळणारी सर्वांत मोठी गोष्ट होय; इतर लाभ त्यामानाने दुय्यम आहेत.

पूर्वपीठिका : संगणकीय काम बाहेरून करून घेण्याची कल्पना क्लाउडहून जुनी आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १९४९ मध्ये स्थापन झालेली, पुढे एडीपी या नावाने प्रसिद्धीस आलेली संस्था लहान कारखान्यांची पगारपत्रके तयार करून देत असे. १९६१ मध्ये मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत जॉन मॅकार्थी यांनी संगणनशक्ती ही एक दिवस दूरध्वनीप्रमाणे सार्वजनिक सेवा म्हणून पुरविली जाईल, असे भाकीत केले. त्याच सुमारास एका मोठ्या संगणकाचा वेळ अनेकांत वाटून देणारी ‘कालविभाजन’ पद्धती तेथे प्रत्यक्षात आली. पुढे एकाच यंत्रावर अनेक स्वतंत्र संगणक असल्याचा आभास निर्माण करणारी ‘आभासी यंत्रे’ तयार झाली. आजच्या मेघ संगणनाचा तांत्रिक पाया हाच आहे. एका सर्व्हरवर अनेक ग्राहकांची कामे चालतात, परंतु एकाला दुसऱ्याची माहिती दिसत नाही. अमेझॉन कंपनीने २००६ मध्ये साठवण व गणनक्षमता तासांच्या हिशेबाने भाड्याने देण्यास आरंभ केला आणि आधुनिक अर्थाने हा व्यवसाय सुरू झाला.

भारतात देखभालीचा प्रश्न प्रथम ठळकपणे पुढे आला तो १९७८ मध्ये आयबीएम कंपनीने देशातून काढता पाय घेतला तेव्हा. तिने बसविलेल्या यंत्रांची देखभाल १९७५ मध्ये स्थापन झालेल्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या शासकीय कंपनीने हाती घेतली. यंत्र एकाचे, वापर दुसऱ्याचा आणि निगा तिसऱ्याची, ही विभागणी तेव्हापासून आपल्याकडे परिचित झाली. मोठ्या मेघसेवा कंपन्यांची केंद्रे देशात येण्यास मात्र बराच काळ लागला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे, अमेझॉनने २०१६ मध्ये व गूगलने २०१७ मध्ये मुंबई परिसरात आपली केंद्रे सुरू केली. शासकीय कार्यालयांसाठी केंद्र शासनाने २०१४ मध्ये ‘मेघराज’ हा उपक्रम जाहीर केला आणि महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक मेघसेवेविषयीचे धोरण स्वीकारले.

सेवेचे प्रकार : अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रविद्या संस्थेने २०११ मध्ये केलेल्या व्याख्येत सेवेच्या तीन पातळ्या सांगितल्या आहेत. त्या भंडाऱ्याच्या वाचकास गिरणीच्या दृष्टांताने सहज समजतील. पहिल्या पातळीत वीज व इमारत यांसह नुसती जागा मिळावी, यंत्रे ज्याची त्याने बसवावी. म्हणजे केवळ गणनक्षमता व साठवण भाड्याने मिळते, त्यावर काय चालवावयाचे ते ग्राहकाने पाहावयाचे. दुसरीत यंत्रे बसविलेली गिरणी चालवावयास मिळते. येथे आज्ञावली रचणाऱ्यांस लागणारी सर्व सिद्धता तयार असते. तिसरी पातळी म्हणजे शुद्ध भरडाई : धान द्यावे व तांदूळ न्यावा. हिशेबाची, बिलांची, साठ्याची अथवा पत्रव्यवहाराची तयार आज्ञावली मासिक वा वार्षिक वर्गणी भरून वापरणे हा प्रकार या पातळीत येतो आणि लहान उद्योगांचा संबंध बहुधा याच्याशीच येतो. पहिल्या पातळीची सेवा स्वतः घेऊन ती चालविण्याचा खटाटोप, घरी जाणकार नसल्यास, लहान घटकाने करू नये. दृष्टांत आणखी थोडा पुढे नेण्याजोगा आहे : भरडाईला दिले म्हणून धानाची मालकी बदलत नाही, तशीच मेघसेवेत ठेवली म्हणून माहितीची मालकीही बदलत नाही. मात्र ती परत मिळण्याची तजवीज करारात आधीच करावी लागते.

एक मधला प्रकारही बाजारात बराच आढळतो. १९८६ पासून विकसित होत आलेल्या ‘टॅली’सारख्या परिचित हिशेब-आज्ञावलीची प्रत भाड्याच्या सर्व्हरवर ठेवून तिचा पडदा दुरून वापरण्यास देतात. हिशेबनिसाची सवय मोडत नाही आणि मालकाला नागपूरहूनही खाते पाहता येते, हा त्याचा गुण. आज्ञावलीचा परवाना कोणाच्या नावे आहे व रोजची प्रत कोण काढतो, हे दोन प्रश्न मात्र येथे विचारलेच पाहिजेत.

लाभ व खर्च : क्लाउड स्वस्त पडते, हे विधान सरसकट खरे नाही. पाच-सहा वर्षांच्या वर्गणीची बेरीज केल्यास ती कित्येकदा एका चांगल्या संगणकाच्या किंमतीहून अधिक भरते. तुलना करावयाची ती नुसत्या यंत्राशी नव्हे, तर यंत्र, विजेचा अखंड पुरवठा, बॅटरी बदलण्याचा खर्च, दुरुस्ती, परवाने आणि बंद पडलेले दिवस या सर्वांच्या बेरजेशी. हंगामी धंद्यात मात्र लाभ उघड आहे. खरिपाच्या खरेदीनंतरच्या महिन्यांत गिरणीला तीन-चार जणांनी एकाच वेळी नोंदी करण्याची सोय हवी असते. पावसाळ्यात एक जण पुरतो. वर्गणी तेवढ्यापुरती वाढविता व पुन्हा कमी करता येते. विकत घेतलेल्या यंत्राला ही मुभा नाही. कराचे नियम बदलल्यावर आज्ञावलीतील दुरुस्ती मध्यवर्ती केंद्रातच होते व सर्व ग्राहकांना ती एकदम मिळते, हाही लहानसहान नव्हे असा फायदा होय. याउलट पितळेची भांडी घडविणाऱ्या व दोन-तीन ठोक व्यापाऱ्यांनाच माल देणाऱ्या कुटुंबाला मोठ्या आज्ञावलीची गरज नाही. मोबाइलवरील खातेवही व तिची आपोआप निघणारी प्रत एवढे त्यास पुष्कळ झाले. कोशाच्या विणकराला नक्षींची छायाचित्रे सुरक्षित ठेवणे व दूरच्या गिऱ्हाईकास दाखविणे यांसाठी मेघसाठवण उपयोगी पडते.

देखभालीची बाह्य व्यवस्था : एकाच हिशेबनिसाने पेठेतील चार-पाच दुकानांची कीर्द लिहिणे ही पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. संगणकांची देखभाल अनेक घटकांनी मिळून एका तज्ज्ञाकडे सोपविणे, हा तिचाच नवा अवतार समजावा. वार्षिक देखभाल कराराने तंत्रज्ञ ठराविक काळाने येऊन यंत्रे पाहतो. आणि किरकोळ अडचणी दूरस्थ साहाय्याने, म्हणजे ग्राहकाच्या संगणकाचा पडदा आपल्या जागी बसून हाताळून, सोडवितो. नागपूर भंडाऱ्याहून सु. ६० किमी. अंतरावर असल्याने तेथील तंत्रज्ञास बोलावणे शक्य असते. पण लाखांदुरातील गिरणीला दूरस्थ साहाय्याचेच मोल अधिक. या सोयीचा दुरुपयोगही होतो. बँकेचा वा कंपनीचा माणूस असल्याची बतावणी करून असे साधन मोबाइलवर बसविण्यास लावणे व खात्यातून पैसे काढणे, या प्रकाराविरुद्ध रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. आपण स्वतः न बोलाविलेल्या तंत्रज्ञास पडदा कधीही देऊ नये.

व्यवहारात सर्वांत अधिक घोटाळा होतो तो तांत्रिक बाबतीत नव्हे, नावांच्या बाबतीत. मेघसेवेचे खाते उघडताना विक्रेता सोय म्हणून स्वतःचा मोबाइल क्रमांक व ई-मेल पत्ता नोंदवितो. पुढे त्याच्याशी बिनसले अथवा त्याने धंदा बदलला, की परवलीचा शब्द बदलण्यासाठी येणारा संकेतांक त्याच्याच हाती पडतो आणि मालक आपल्याच खात्यास मुकतो. म्हणून खाते, संकेतस्थळाचे नाव व परवाना मालकाच्या नावे असावा, मुख्य परवलीचा शब्द त्याच्याजवळ लेखी असावा आणि तंत्रज्ञास मर्यादित अधिकाराचा वेगळा प्रवेश द्यावा.

मर्यादा व धोके : इंटरनेट तुटले की क्लाउड असून नसल्यासारखे होते. महामार्गाच्या रुंदीकरणात प्रकाशीय तंतूची तार तुटणे वा वादळात वीज जाणे यांवर लहान उद्योगाचा ताबा नसतो. दुसऱ्या कंपनीची मोबाइल जोडणी पर्याय म्हणून ठेवणे व बिले काही वेळ जोडणीविनाही करता येतील अशी आज्ञावली निवडणे, हेच त्यावरचे उपाय. पुरवठादार सेवा ९९·९ टक्के वेळ चालू राहील अशी हमी देतात. त्याचा अर्थ वर्षातून सु. पावणेनऊ तास ती बंद राहिली तरी करारभंग होत नाही. ९९·५ टक्क्यांची हमी असेल तर हे तास सु. ४४ होतात. हे तास ऐन भरडाईच्या दिवसांत आले, तर मिळणारी भरपाई वर्गणीच्या काही टक्क्यांहून सहसा अधिक नसते.

दूरचे केंद्र म्हणजे अभेद्य तिजोरी, असेही नाही. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या माहितीकेंद्रास आग लागून एक इमारत भस्मसात झाली. ज्यांची दुसरीकडे प्रत नव्हती अशा अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली. भारतात ३१ जुलै २०२४ रोजी लहान बँकांना तांत्रिक सेवा पुरविणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर आज्ञावलीचा आघात झाल्याने तिचा किरकोळ देयक व्यवस्थेशी असलेला संबंध तात्पुरता तोडावा लागला आणि सु. ३०० सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार दुसऱ्या दिवसापर्यंत अडले. अनेकांनी एकाच्याच हाती काम सोपविले, की त्या एकाचा बिघाड सर्वांचा होतो. खंडणीखोर आज्ञावली माहिती कुलूपबंद करून पैसे मागते. संगणकातील फाइली आपोआप मेघसाठवणीत उतरविण्याची सोय केली असेल, तर कुलूपबंद फाइलीही तशाच वर जातात व चांगल्या प्रतीची जागा घेतात. तेव्हा अशी जुळणी म्हणजे राखीव प्रत नव्हे. मागील तारखांच्या प्रती वेगळ्या राहतील अशीच योजना हवी. एकूण तीन प्रती, दोन भिन्न साधनांवर व त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, हा तज्ज्ञांनी मानलेला संकेत आहे. वर्षातून दोनदा तरी प्रतीवरून माहिती प्रत्यक्ष उभी करून पाहावी. न पडताळलेली प्रत ही बी न तपासता केलेल्या पेरणीसारखी असते.

सहकारी संस्थांचा प्रयोग : लहान घटकांनी एकत्रितपणे मेघसेवा घेण्याचे सर्वांत मोठे उदाहरण गावोगावच्या सेवा सहकारी संस्थांचे आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची, २,५१६ कोटी रु. खर्चाची योजना मंजूर केली. तीत सर्व संस्थांसाठी मेघाधारित समान आज्ञावली, नाबार्डमार्फत अंमलबजावणी, तसेच प्रशिक्षण व देखभालीचे साहाय्य यांचा समावेश आहे. एकेका संस्थेच्या सचिवाला स्वतंत्र आज्ञावली निवडणे वा तंत्रज्ञ नेमणे अशक्यप्राय होते. पीककर्ज, खतविक्री यांचे हिशेब एका साच्यात आल्याने जिल्हा बँकेला ते पडताळणेही सोपे होते. गिरणीमालकांच्या वा विणकरांच्या संघटनांनी याच धर्तीवर सामाईक करार केल्यास भाव व अटी दोन्ही बाबतींत त्यांचे वजन वाढेल. एकट्यादुकट्या ग्राहकाला मोठ्या कंपनीचा छापील करार जसाच्या तसा स्वीकारावा लागतो.

कायदा व करार : नोंदणीकृत कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांची प्रत भारतातच असलेल्या सर्व्हरवर दररोज ठेवावी, असा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे, १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक फेरबदलाची नोंद राखणारी आज्ञावली वापरणेही कंपन्यांना आवश्यक झाले. एकल मालकीच्या व भागीदारीच्या घटकांना हे नियम लागू नसले, तरी पुरवठादार निवडताना ते कसोटी म्हणून वापरण्यास हरकत नाही. संगणकावरील आघाताची वार्ता कळल्यापासून सहा तासांत भारतीय संगणक आपत्काल प्रतिसाद पथकास कळविण्याचे बंधन एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घातले आहे. गिऱ्हाइकांची नावे, दूरध्वनी क्रमांक इ. वैयक्तिक माहिती बाळगणाऱ्यांच्या जबाबदाऱ्या २०२३ च्या अधिनियमाने ठरविल्या आहेत. काम बाहेर दिले तरी ही दुसरी जबाबदारी मूळ व्यावसायिकावरच राहते. करारात तक्रारीस किती तासांत प्रतिसाद मिळेल, प्रत कोठे व किती दिवस राहील आणि वर्गणी थकल्यास माहिती किती मुदतीनंतर पुसली जाईल, हे नमूद असावे. सेवा सोडताना माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे कलम तर सही करण्यापूर्वीच वाचावे. केवळ छापील अहवाल मिळणार असतील, तर सहा वर्षांच्या नोंदी नव्या आज्ञावलीत पुन्हा हाताने भराव्या लागतात. खतावणीच्या स्वरूपातील फाइल मिळणार असेल, तर ते काम एका दिवसाचे असते.